आरोग्याचा बांध

मुंबई-गोवा महामार्गाने पेणहून दक्षिणेकडे निघाले, की वडखळच्या पुढे गडब हे गाव लागते. रायगड जिल्ह्यातील या पट्ट्याच्या एका अंगास डोंगर आहेत, तर दुसऱ्या अंगास धरमतरच्या खाडीचा सखल मुलूख पसरलेला आहे. खाडीकाठच्या या मुलखात भाताची शेते आहेत. ती इतकी सखल आहेत, की भरतीच्या पाण्यास वाट मोकळी मिळाली, तर ते सरळ शेतात येऊन उभे राहील. म्हणून तेथील शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या माती व दगड यांचे लांबच लांब बांध घालून खारे पाणी बाहेर थोपवून धरले आहे.

बांध एकदा घातला म्हणजे काम संपले असे मात्र होत नाही. भरतीच्या लाटा त्यावर रोज आपटतात. खेकडे त्यात बिळे पाडतात. एखाद्या बिळातून पाणी झिरपू लागले आणि त्याकडे वेळीच लक्ष गेले नाही, तर एके दिवशी बांधाला मोठी खांड पडते. मग खारे पाणी आत शिरते, उभे पीक करपते, आणि जमिनीत मुरलेल्या मिठामुळे पुढेही काही काळ ती पिकत नाही. म्हणून जेथे बांध आहे, तेथे त्यावर नजर ठेवणारी माणसे हवीत, आणि दुरुस्तीसाठी माती-दगडांचा साठाही हवा. नजर आहे पण माती नाही, किंवा माती आहे पण नजर नाही, तर बांध टिकत नाही.

मनुष्याच्या शरीरासही असाच बांध आहे. त्याच्या बाहेर रोगजंतूंचा समुद्र आहे. हा बांध कसा उभा राहतो, त्यास खांड का पडते आणि ती कशी बुजवावी, हे ज्यांना शिकावे लागते, त्यांत केवळ डॉक्टर नसतात. परिचारिका, आरोग्यसेविका, प्रयोगशाळेत रक्त तपासणारे तंत्रज्ञ या सर्वांना आपल्या शिक्षणात संसर्गजन्य रोग, रोगप्रतिकारशक्ती आणि आहार हे तिन्ही विषय अभ्यासावे लागतात. तीन निरनिराळे दिसणारे हे विषय एकत्र का शिकवावेत, असा प्रश्न एखाद्यास पडेल. त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासातच सापडते.

प्रथम शत्रूची ओळख करून घेऊ. पूर्वी साथीचे रोग देवीच्या कोपाने अथवा दूषित हवेने होतात, अशी समजूत होती. एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्या शास्त्रज्ञांनी खरे कारण शोधून काढले. १८८२ साली जर्मनीतील रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवून दिला. त्यानंतर पटकी, घटसर्प, प्लेग अशा एकेका रोगाचा जंतू उजेडात आला. गोवर, देवी, इन्फ्लुएंझा यांचे विषाणू तर त्याहूनही कितीतरी सूक्ष्म आहेत. काही जंतू खोकल्याबरोबर हवेतून पसरतात, काही घाण पाण्यातून व अन्नातून पोटात जातात, तर काहींना पिसवा, डास यांच्यासारखे वाहक लागतात. रोग कोणत्या वाटेने येतो हे कळले, की ती वाट कशी अडवावी हेही कळते. पाणी उकळून पिणे, जेवणापूर्वी साबणाने हात धुणे, डासांची पैदास होणारी डबकी बुजवणे हे उपाय याच ज्ञानातून निघाले आहेत.

परंतु सर्वच वाटा सर्वकाळ अडवता येत नाहीत. म्हणून शरीराने आपली स्वतंत्र व्यवस्था ठेवली आहे. त्वचा ही पहिली भिंत होय. नाकातील व घशातील ओलसर आवरण धुळीबरोबर आलेल्या जंतूंना चिकटवून धरते. जठरातील आम्ल पोटात गेलेल्या अनेक जंतूंचा नाश करते. एवढ्यावरही जंतू आत शिरलेच, तर रक्तातील पांढऱ्या पेशी धावून जातात. त्यांपैकी काही पेशी जंतूंना चक्क गिळून टाकतात. पायाला जखम होऊन ती चिघळली, की जांघेत अवधाण येते. ती गाठ म्हणजे तेथे जमलेल्या पांढऱ्या पेशींची छावणीच असते.

पांढऱ्या पेशींपैकी काहींचे काम अधिक नाजूक आहे. आलेल्या जंतूचे रूप ओळखून त्या नेमके त्याच्यावर चालणारे शस्त्र तयार करतात. या शस्त्रास प्रतिपिंड म्हणतात. गोवराचे प्रतिपिंड घटसर्पावर चालत नाही, आणि घटसर्पाचे गोवरावर चालत नाही. नव्या शत्रूसाठी नवे शस्त्र घडवावयास काही दिवस लागतात, आणि तेवढ्या अवधीत माणूस आजारी पडतो. मात्र लढाई संपल्यावर काही पेशी त्या शत्रूची आठवण वर्षानुवर्षे जपून ठेवतात. तोच जंतू पुन्हा आला, तर शस्त्रे त्वरेने तयार होतात. एकदा गोवर येऊन गेलेल्या माणसास तो बहुधा पुन्हा होत नाही, याचे कारण हेच.

येथे एक प्रश्न उभा राहतो. शत्रूची ओळख पटण्यासाठी रोग अंगावर काढलाच पाहिजे काय? इंग्लंडमधील एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ साली या प्रश्नाचे उत्तर दिले. गायींना होणारा देवीसारखा सौम्य रोग ज्यांना होऊन गेला आहे, त्यांना देवी येत नाहीत, असे तेथील लोक म्हणत. जेन्नर यांनी त्या सौम्य रोगाच्या फोडातील लस एका मुलास टोचली, आणि त्या मुलास देवी आल्या नाहीत. रोगाशिवाय रोगाची ओळख करून देण्याची ही युक्ती होय.

ती युक्ती अवघ्या सहा वर्षांत मुंबईस पोहोचली. त्या काळी बर्फाची पेटी नव्हती, विमाने नव्हती. लस कुपीत घालून पाठविली, तर उष्णतेने निकामी होई. म्हणून एकाच्या दंडावरील फोडातून दुसऱ्याच्या दंडावर, अशी माणसांची साखळी करून ती बगदाद व बसरा या मार्गाने आणली गेली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती टोचण्यात आली. हिंदुस्थानात देवीची लस यशस्वीपणे टोचली गेली ती प्रथम या बालिकेस, आणि तिच्या हातावरील फोडातूनच ती पुढे देशाच्या इतर भागांत गेली.

त्याच शतकाच्या अखेरीस मुंबईवर अधिक भयंकर संकट आले. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पाहता पाहता साथ शहरभर पसरली, आणि माणसे घरेदारे सोडून पळू लागली. त्या वेळी वॉल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ मुंबईस आले. ओडेसा शहरी जन्मलेल्या हाफकिन यांनी पूर्वीच पटकीवर लस तयार केली होती. भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना कामासाठी तुटपुंजी जागा व मोजकी माणसे मिळाली. तेथे त्यांनी प्लेगचे जंतू वाढविले, उष्णतेने ते मारले, आणि त्या मेलेल्या जंतूंपासून लस सिद्ध केली. मेलेला जंतू रोग उत्पन्न करीत नाही, परंतु त्याचे रूप पाहून पांढऱ्या पेशी शस्त्रे घडवतात, हे त्यामागील तत्त्व होते.

ही लस प्रथम कोणास टोचावी? १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःलाच टोचून घेतली. त्यांना ताप आला, टोचलेली जागा दुखू लागली. पण काही दिवसांत ते बरे झाले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील जे कैदी स्वखुशीने पुढे आले, त्यांना लस टोचण्यात आली. न टोचलेल्या कैद्यांपैकी १२ जणांना पुढे प्लेग झाला, आणि त्यांतील ६ जण दगावले. टोचलेल्यांपैकी केवळ दोघांना तो झाला, आणि त्यांतील एकही दगावला नाही. १८९९ साली हाफकिन यांची प्रयोगशाळा परळ येथील जुन्या गव्हर्नर निवासात हलविण्यात आली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते.

लस सर्वांपर्यंत पोहोचण्यास मात्र वेळ लागला. त्याच १८९७ साली पुण्याकडेही प्लेगचा कहर झाला. सावित्रीबाई फुले यांनी प्लेग झालेल्या एका मुलास पाठीवर घेऊन आपला पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचविले. त्या सेवेतच त्यांना प्लेगची बाधा झाली, आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

एवढ्या इतिहासावरून असे वाटेल, की लस सापडली म्हणजे सर्व काही साधले. परंतु ही निम्मीच गोष्ट झाली. उरलेली निम्मी गोष्ट १९१८ सालाने शिकविली. त्या वर्षी जून महिन्यात मुंबई बंदरात इन्फ्लुएंझाची साथ आली. पहिली लाट सौम्य होती. पुढे पावसाने दगा दिला, पिके बुडाली, धान्य महाग झाले. अशा उपाशी प्रदेशावर सप्टेंबरमध्ये साथीची दुसरी लाट आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसे मरण पावली. संबंध हिंदुस्थानात या साथीने १ कोटी २० लाखांपासून २ कोटींपर्यंत माणसे नेली असावीत, असा अंदाज आहे. ही साथ कोणत्याही एका गावाचे दुःख राहिली नाही. पेण तालुक्यातीलच गागोदे या गावी जन्मलेल्या विनोबा भावे यांच्या मातोश्री रुक्मिणीबाई व धाकटा भाऊ हे दोघेही बडोद्यास याच साथीत मृत्यू पावले.

या साथीने धट्टेकट्टे तरुणही नेले, हे खरे. तरीही मृत्यूचे माप सर्वांना सारखे लागले नाही. मुंबई शहरात युरोपीय लोकांमध्ये दर हजारी सुमारे ८ मृत्यू झाले. समाजाने ज्यांना सर्वांत खालचे स्थान दिले होते, त्या हिंदू जातींमध्ये मात्र ते दर हजारी ६१ हून अधिक होते. जंतू एकच होता. कोंदट चाळी, औषधपाण्याची वाण आणि अपुरे अन्न यांनी हा फरक घडवून आणला.

अपुऱ्या अन्नाने रोगाचा जोर का वाढावा? प्रतिपिंडे ही प्रथिनांची बनलेली असतात. खाण्यात डाळ, कडधान्य, दूध, अंडी, मासे कमी पडले, तर शस्त्रे घडवावयास कच्चा मालच मिळत नाही. नव्या पांढऱ्या पेशी तयार होण्यास लोह व जस्त लागते. नाक, घसा, आतडी यांचे ओलसर आवरण धड राहण्यास ‘अ’ जीवनसत्त्व लागते. ते कमी पडले, की पहिल्या भिंतीसच भेगा जातात. ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव असलेल्या मुलास गोवर झाला, तर त्याची दृष्टीही जाण्याचा धोका असतो. म्हणूनच नऊ महिने पूर्ण झालेल्या बाळास गोवराची लस देताना त्याच वेळी ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोसही पाजतात. नजर ठेवणारा आणि मातीची पाटी आणणारा असे दोघेही तेथे एकाच दिवशी हजर होतात.

हा संबंध उलट बाजूनेही चालतो. ताप आला, की शरीरातील साठा झपाट्याने खर्च होतो आणि भूक मंदावते. जुलाब झाले, की खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. रोगाने मूल हडकते. हडकलेल्या मुलास दुसरा रोग लवकर गाठतो. त्याने ते आणखी हडकते. हे चक्र वेळीच थांबविले नाही, तर साधा आजारही जिवावर बेततो. म्हणून आजारी मुलास उपाशी ठेवण्याची जुनी चाल घातक आहे. जुलाब झालेल्या मुलास मीठ-साखरेचे योग्य प्रमाणातील पाणी, म्हणजेच जलसंजीवनी, द्यावी. अंगावरचे दूध चालू ठेवावे. आणि पचेल असे अन्न थोडे थोडे भरवावे. त्यासोबत डॉक्टर जस्ताच्या गोळ्याही देतात.

अन्नाने रोग खरोखर अडतो काय, याची कसोटी अलीकडेच झारखंड राज्यात घेण्यात आली. क्षयाचे जंतू शरीरात शिरलेल्या दर शंभर माणसांपैकी पाच ते दहा जणांनाच आयुष्यात केव्हातरी तो रोग होतो. बाकीच्यांचे शरीर त्या जंतूंना दाबून ठेवते. शास्त्रज्ञांनी २,८०० क्षयरोगी व त्यांच्या घरातील दहा हजारांवर माणसे निवडली. रोग्यांना तर सर्वत्रच पौष्टिक आहार देण्यात आला. परंतु निम्म्या ठिकाणी घरातील इतरांनाही दरमहा माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, तेथे नव्याने होणारा क्षय ३९ टक्क्यांनी कमी आढळला. तांदूळ आणि डाळ! यात महागडे असे काहीच नव्हते.

गडबच्या आसपासच्या स्वयंपाकघरातही हा साठा आहे. भात व नाचणी यांतून ताकद मिळते. वाल, चवळी, मसूर, सुके बोंबील, जवळा, अंडी यांतून प्रथिने मिळतात. शेवग्याचा पाला, माठ, लाल भोपळा, पपई यांतून ‘अ’ जीवनसत्त्व मिळते. पेणच्या प्रसिद्ध पोह्यांवर भाजलेले शेंगदाणे आणि लिंबाची फोड आली, की त्यांचेही मोल वाढते. एखादा काढा अथवा एखादे फळ खाऊन प्रतिकारशक्ती एकाएकी वाढते, असे सांगणाऱ्यांवर मात्र विश्वास ठेवू नये. एका पाटीभर मातीने बांध होत नाही. रोजच्या जेवणात निरनिराळे पदार्थ पुरेसे असणे, हेच खरे.

जन्माला आलेल्या बाळास हा वारसा आईकडून मिळतो. बाळंतपणानंतरचे पहिले घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. तो टाकून देण्याची चाल पुष्कळ ठिकाणी होती. वस्तुतः त्यात आईच्या शरीराने घडविलेली प्रतिपिंडे भरपूर असतात. अन्न आणि संरक्षण ही दोन्ही बाळास एकाच घोटात मिळतात.

आता परिचारिकेस तीन विषय एकत्र का शिकावे लागतात, हे ध्यानात येईल. तापाने फणफणलेले मूल दवाखान्यात आले, की ती तीन प्रश्न विचारते. याला कोणत्या जंतूची बाधा झाली असेल? याला कोणत्या लसी मिळाल्या आहेत? हे मूल काय खाते, आणि याचे वजन वयाच्या मानाने पुरेसे आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यास प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ साहाय्य करतो. दुसऱ्याचे उत्तर लसीकरणाच्या पत्रिकेत असते. तिसऱ्यासाठी अंगणवाडीतील वजनकाटा उपयोगी पडतो. यांपैकी एकही प्रश्न विचारायचा राहिला, तर ताप उतरूनही मूल धोक्यातच राहते.

आणखी एक गोष्ट बांधावरून शिकण्यासारखी आहे. एखाद्या शेतकऱ्याने आपल्या वाट्याचा बांध नीट राखला, पण शेजारच्या बांधास खांड पडली, तर पाणी दोघांच्याही शेतात शिरते. लसीचेही तसेच आहे. गोवर इतका सांसर्गिक आहे, की त्याचा प्रसार थांबविण्यास शंभरातील सुमारे ९५ जणांना लस मिळालेली असावी लागते. तेवढ्यांनी ती घेतली, म्हणजे लस घेण्याइतके मोठे न झालेले तान्हे बाळही सुरक्षित राहते. कारण रोग त्याच्या दारापर्यंत येऊच शकत नाही. २०२२ साली मुंबईच्या गोवंडी भागात गोवराची साथ आली, तेव्हा लस न मिळालेली आणि पोषण कमी पडलेली मुले तीत मोठ्या प्रमाणावर सापडली, आणि काहींना प्राण गमवावे लागले. जेथे नजर आणि माती दोन्ही कमी, तेथेच खांड पडली.

याच्या उलट, सर्वांनी मिळून बांध राखला, तर काय होते, याचेही उदाहरण आहे. घरातील वृद्ध माणसांच्या हातावर देवी टोचल्याचा गोल वण पुष्कळदा दिसतो. आजच्या मुलांच्या हातावर तो नाही. आरोग्यसेवक वाड्यावस्त्यांतून पायी हिंडले, रोगी शोधून काढले, आणि त्यांच्या भोवतालच्या प्रत्येकास लस टोचली. १९७५ साली भारतातील देवीचा शेवटचा रोगी आढळला. १९८० साली जगातून देवीचे उच्चाटन झाल्याची घोषणा करण्यात आली. हजारो वर्षे माणसे मारणारा हा रोग आता पृथ्वीवर कोणासही होत नाही. आजोबांच्या हातावरील वण ही त्या विजयाची खूण होय. गोवर, क्षय आणि भूक यांच्याशी चाललेली लढाई मात्र अद्याप संपलेली नाही, आणि ती पुढे चालविणारे हात आज शाळेच्या बाकांवर आहेत.